जहाजाच्या बातमीत आयएमओ नंबर छापत जा

संपादक साहेब,

परवा एका छोट्या टँकरची बातमी वाचली, त्यात जहाजाचं नाव आणि "1000 टन" एवढंच. मोबाईलवर शोधायला बसलो तर त्याच नावाची चार जहाजं निघाली, एक तर मासेमारी बोट. आता यातलं कुठलं धरायचं? मालक बदलला की नाव बदलतं, झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला की एमएमएसआय नंबर, म्हणजे जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक, बदलतो (आपल्या देशाचा 419 ने सुरू होतो), पण सात आकडी आयएमओ नंबर (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नावाने ओळखला जाणारा जहाजाचा कायमचा क्रमांक) भंगारात जाईपर्यंत तोच. छापायला चुकलात तरी कळतं, पहिल्या सहा आकड्यांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं, बेरजेचा शेवटचा आकडा नंबरच्या शेवटच्या आकड्याशी जुळला पाहिजे. 9074729 घेऊन करून बघा, बेरीज 139 येते.

आणि 1000 टन म्हणजे नक्की काय हो? डेडवेट म्हणजे माल, इंधन, पाणी धरून जहाज किती वजन पेलतं ते, ग्रॉस टनेज हे तर वजनच नाही, आतल्या जागेचं माप आहे. एआयएस, म्हणजे जहाजाचं नाव-ठिकाण रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र, लावायची सक्ती ग्रॉसवर ठरते, परदेशी फेरीला 300 पासून पुढे, म्हणून विचारतो.

जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर सगळं दिसतं असं लोकांना वाटतं, पण एआयएस म्हणजे जहाजाने स्वतःच ओरडून "मी इथे आहे" सांगणं, वीज गेली की गप्प. 2011 चं पवित जहाज आठवा, ओमानजवळ बंद पडलं, 13 खलाशी सुखरूप निघाले आणि रिकामं जहाज महिनाभर पावसाळी वाऱ्यावर वाहत 31 जुलैला सरळ जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. 26/11 ला तीन वर्षं पण झाली नव्हती! मी छत्री घेऊन बघायला गेलो होतो, भुट्टेवाल्याचा धंदा जोरात चाललेला.

असं मुकं जहाज शेवटी कोणीतरी डोळ्यानेच ओळखणार, बहुतेक आमच्या वेसाव्याचा एखादा नाखवा. आयएमओ नंबर जहाजाच्या अंगावरच असतो, बहुतेक मागच्या बाजूला, वीतभर उंचीच्या आकड्यात, रंग उडाला तरी पुसला जाऊ नये म्हणून उठावाने किंवा कोरून. तो, लांबी आणि रंग एवढं छापलंत तरी पुरे, जागा कमी पडली तर मंत्रीमहोदयांचा फोटो जरा लहान करा.

– एक वाचक, वर्सोवा