दोष आईच्या डोळ्यांचा नव्हता

नागपूर, एप्रिल २०२४

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या अंकातली, शिंगांसारख्या आकारामुळे ‘सैतानी’ म्हटल्या जाणाऱ्या पॉन्स-ब्रूक्स धूमकेतूची बातमी वाचून त्याच संध्याकाळी आईला आणि लेकीला घेऊन काटोल रोडने शहराबाहेर गेलो. ‘नुसत्या डोळ्यांनी दिसेल, रात्री आठला पश्चिमेकडे पाहा’, एवढंच तुम्ही छापलं होतं. गुरू ठळक दिसला, धूमकेतू नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईनं तीनदा चष्मा पुसला आणि म्हणाली, "मला आता दिसत नाही रे." शेजारी दहा वर्षांची लेक शिंगं शोधत उभी होती, तिलाही काही दिसलं नव्हतं.

आईचं ते वाक्य मी १९८६ च्या मार्चमध्ये आजीच्या तोंडून ऐकलंय. आजीनं १९१० साली, सात वर्षांची असताना, हॅलेचा धूमकेतू पाहिला होता. शेंडेनक्षत्र म्हणायची ती त्याला. पहाटे शेपटी कुठून कुठवर होती ते हात लांबवून दाखवायची. १९८६ ला पेपरांनी महिनोनमहिने ‘हॅले येतोय’ लिहिलं आणि बाबांनी तीन पहाटे तिला हाताला धरून महाल भागातल्या घराच्या गच्चीवर नेलं. काही दिसलं नाही. "माझी नजरच गेली," म्हणाली, आणि वर्षभरानं त्याच समजुतीत गेली. १९१० मध्ये तो सुमारे सव्वादोन कोटी किलोमीटरवरून गेला होता. १९८६ मध्ये सहा कोटींच्या आत आलाच नाही, आणि ९ फेब्रुवारीला सूर्याच्या सर्वांत जवळ पोचला तेव्हा आपल्या दृष्टीनं नेमका सूर्यापलीकडे होता. दोन हजार वर्षांत पाहणाऱ्यांच्या वाट्याला इतकी वाईट खेप आली नव्हती. हे तिला कुणीही सांगितलं नाही. मलाही फार उशिरा कळलं.

आताचा पॉन्स-ब्रूक्स ७१ वर्षांनी आलाय, हे खरं. पण तुम्ही ज्याला ‘पृथ्वीजवळून’ म्हणता ते अंतर सर्वांत कमी असेल तेव्हाही तेवीस कोटी किलोमीटर असणार आहे. शिंगं गेल्या जुलैतल्या उद्रेकात दिसली होती, तीही दुर्बिणीच्या छायाचित्रांत. त्याची प्रत (तेजस्वितेचं माप) साडेचारच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी सांगतात, पण तेवढ्या प्रतीच्या ताऱ्याचा प्रकाश एका ठिपक्यात असतो, धूमकेतूचा पसरलेला. चिमटीभर रांगोळीचा ठिपका लांबून दिसतो. तीच रांगोळी हातभर पसरली तर फरशीवर उमटतही नाही. ‘काळोख हवा, साधी दुर्बीण हवी’ ही एक ओळ छापायला किती जागा लागली असती?

आणि ती वेळ! नागपुरात सूर्य मुंबईच्या पंचवीसेक मिनिटं आधी मावळतो. आठ वाजता इथे धूमकेतू क्षितिजाला टेकायला आला होता. आमच्या आवृत्तीत रोजचा सूर्योदय-सूर्यास्तही मुंबईचाच छापता. त्याबद्दल मी पूर्वी दोनदा लिहिलंय, उत्तर नाही.

२१ एप्रिलपर्यंत तो सूर्याजवळ जात राहणार आहे, म्हणजे आणखी बातम्या येतील. त्यांत नागपूरची वेळ आणि दुर्बिणीची अट द्या, एवढी विनंती. आज सकाळी आई मला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगत होती.

आपला,
एक जुना वाचक, नागपूर