शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव आणि कर्नल सायक्स

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील पुणे परिसराच्या पक्ष्यांवरील लेखात कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांचा ‘पक्षीप्रेमी इंग्रज अधिकारी’ असा एका ओळीत उल्लेख आला आहे. तो चुकीचा नाही; पण मराठी भाषेशी त्यांच्या कामाचा जो थेट संबंध आहे, तो त्यातून निसटला आहे.

१७९० मध्ये जन्मलेले सायक्स कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल झाले, १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होते आणि पुढे पेशवाईच्या अखेरच्या युद्धात खडकीलाही लढले. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना मुंबई सरकारसाठी सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले. दख्खनची लोकसंख्या, जमीनधारा आणि पिके यांची मोजदाद करणे हे ते काम होते, आणि त्यामागचा हेतू राज्यकर्त्यांचा होता, हे विसरून चालणार नाही. मात्र याच भटकंतीत त्यांनी पक्षी, प्राणी आणि मासे जमवले. मायदेशी परतल्यावर १८३२ मध्ये त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. एका चंडोलाला त्यांनी ‘देवा’, तर एका वटवट्याला ‘रामा’ हे नाव दिले, आणि शास्त्रीय नावांत हे दोन्ही शब्द आजही रूढ आहेत. रानकुत्र्याचे ‘कोळसून’ हे मराठी नावही त्यांनी नोंदवले होते.

खरा ठेवा आहे तो माशांचा. १८३९ मध्ये छापलेल्या त्यांच्या वर्णनांत भीमेच्या खोऱ्यातील माशांना इथल्या बोलीतलीच नावे लॅटिन प्रथेत बसवून दिलेली दिसतात: खुद्री, कोलस, गोगरा, सींघाला. शिंगाळा खाणाऱ्या माणसाला यातला शेवटचा शब्द समजावून सांगावा लागत नाही. प्राणिशास्त्राच्या नियमानुसार एखादी जाती दुसऱ्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या दुसऱ्या गटात, हलवली, तरी नावाचा उत्तरार्ध कायम राहतो. त्यामुळे सायक्स यांचा ‘बार्बस खुद्री’ आज ‘टॉर खुद्री’ असला, तरी त्यातला खुद्री जागचा हललेला नाही. हाच दख्खनचा महाशीर. त्याचा मूळ नमुना पुण्याजवळच्या ‘मोटा मोला’ नदीतला असल्याची नोंद आहे. ही मोटा मोला म्हणजे आपली मुळा-मुठा. तिच्या पात्रात आज काय वाहते, ते पुणेकरांना सांगायला नको.

सायक्स यांनी एका सातभाई पक्ष्याला मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांचे, तर एका अजस्र माशाला लंडनचे निसर्ग अभ्यासक यॅरेल यांचे नाव दिले. ज्यांनी जाळी टाकली आणि नावे सांगितली, त्या मच्छीमारांपैकी मात्र कोणाचेही नाव कुठल्या माशाला मिळाले नाही. त्यांचा शब्द तेवढा राहिला.

सायक्स पुढे कंपनीचे संचालक आणि अध्यक्ष झाले, १८५७ पासून १८७२ मध्ये निधन होईपर्यंत ॲबरडीनचे खासदार होते. पण तो इतिहास ब्रिटनचा.

आपल्या वृत्तपत्रात नदीतील माशांविषयी मजकूर येतो, तेव्हा बहुधा इंग्रजी नावेच देवनागरीत उतरवलेली असतात. त्यांच्या जोडीने भीमा, नीरा आणि घोड नदीकाठची बोलीतली नावेही छापावीत, आणि ती पुस्तकांतून न उचलता काठावरच्या भोई मंडळींना विचारून घ्यावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे