काठी आधी, हात नंतर : एका बोसनदादांना (जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमांना) पत्र

बोसनदादा,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. तुमच्या भाषेतला आभाराचा 'ह्वाला' हा एकच शब्द आम्हाला येत होता आणि तो जहाज सोडताना दहा वेळा म्हणून झाला. तेवढ्याने मन भरलं नाही, म्हणून हे चार शब्द.

व्हेनिसहून निघून क्रोएशियाची झादर, शिबेनिक, स्प्लिट, कोर्चुला, डुब्रोव्हनिक ही बंदरं, मग मॉन्टेनेग्रोचं कोटोर, ग्रीसचं कोर्फू आणि शेवटी कोरिंथच्या कालव्यातून पिरेयस. एवढ्या लांबच्या सफरीत छोट्या जहाजाचं कौतुक सगळेच करतात, आणि ते खरंही आहे. कोटोरला वेरिगेच्या जेमतेम ३४० मीटर रुंद सामुद्रधुनीतून आत शिरल्यावर जहाज तटबंदीच्या समोरच लागतं, रस्ता ओलांडला की वेस. कोर्चुलाला वारा कुठला आहे ते पाहून गावाच्या पूर्वेला लागायचं की पश्चिमेला, हे ठरवता येतं. पण याची दुसरी बाजू माहितीपत्रकात कुणी छापत नाही. ही बंदरं शिडाच्या गलबतांसाठी बांधलेली. धक्के बुटके, दगडी पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, पाण्यालगतच्या दोन पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. धक्का मोकळा नसला की बाहेर नांगर टाकून होडीनेच जावं लागतं. ज्याच्या हातात काठी आहे, त्याची सफर त्या होडीच्या काठावर ठरते.

आमच्यातल्या काकूंचा उजवा गुडघा अधू, म्हणून काठी डाव्या हातात. ती तशीच धरायची असते, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाऊल टाकताना भार वाटला जातो. आधीच्या एका मोठ्या जहाजावर हे कुणाच्या गावीही नव्हतं. तिथे दोघांनी त्यांना दोन्ही काखांत हात घालून पोत्यासारखं उचललं. काठी मागे बाकावरच राहिली आणि काकू परक्या धक्क्यावर कठड्याला धरून उभ्या. पुढच्या बंदरात तर तासभर रांगेत बसवून, नंबर आल्यावर दारात सांगितलं, "तुम्हाला आज उतरता येणार नाही." समुद्र खवळलेला असेल तर नाही म्हणणं योग्यच आहे. पण ते सकाळी नाश्त्याच्या वेळी सांगता येतं. आदल्या दिवशीचा अंदाज त्यांच्याकडेही असतोच की.

तुम्ही मात्र आदल्या संध्याकाळीच सांगत होता. डुब्रोव्हनिकच्या आधी तुम्ही जिन्याशी येऊन म्हणालात, की उद्या युगो आहे, होडी हलेल, पण जाता येईल. जे तिकडे गेलेत त्यांनी तिथल्या या दोन वाऱ्यांबद्दल ऐकलं असेल : बुरा उत्तर-पूर्वेच्या डोंगरांवरून एकदम झडप घालतो, लाट आखूड आणि चिडकी. युगो आग्नेयेकडून दिवस-दोन दिवस वाढत येतो आणि वारा पडला तरी त्याची लांब लाट मागे उरते. त्या लाटेला जुन्या शहरासमोरचा नांगर टाकायची जागा उघडीच. जहाजाच्या पोटाला डोलणं कमी करणारे पंख असतात, पण साधारणपणे ते चालत्या जहाजावरच काम करतात. पाणी त्यांच्यावरून वाहिलं तरच जोर धरतात. नांगरावर थांबलेलं छोटं जहाज म्हणूनच डुलतं, आणि शेजारची होडी वेगळ्याच तालात वर-खाली होते. अपघात होतो तो या दोन तालांच्या मधल्या फटीत.

तुम्ही घाई केली नाहीत. 'पोलाको, पोलाको', म्हणजे सावकाश. होडी खाली जाताना कुणी उडी मारली तर पायाखालची फळी अर्धा मीटर आणखी खाली गेलेली असते आणि सगळा भार गुडघ्यावर बसतो. होडी वर येऊन क्षणभर थबकते, तेव्हा नुसतं पाऊल टाकायचं. मोठ्या लाटा बहुधा दोन-तीन मिळून येतात, त्यांच्यामागे थोडी उसंत असते. ती येईपर्यंत तुम्ही काकूंना थांबवलंत, मागे पंधरा माणसं चुळबुळत असताना. बोटं धरायला दिली नाहीत. मनगटाच्या वर धरलंत आणि तसंच त्यांना धरायला लावलंत, कारण ओली बोटं निसटतात, पण मनगटात मनगट अडकलं की एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. जुन्या बंदराच्या पायऱ्यांशी होडी लागली. पंधराव्या शतकात दक्षिणेच्या लाटा अडवायला बांधलेला काशेचा बांध मध्ये असल्यामुळे आत पाणी बरंच शांत होतं. तुम्ही काकूंची काठी मागून घेतलीत, ती आपल्या काखेत धरलीत आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिलात. जिथे काठी असते, नेमकं तिथे. कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी जिन्यावर त्यांना चालताना पाहून तुम्ही ते टिपलं असणार. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हेही तुमच्या थांबण्या-चालण्यात आपोआप येत होतं. शेवाळाच्या पायरीवर तुम्ही स्वतः उभे राहिलात, त्यांना वरच्या कोरड्या पायरीवर घेतलंत. आणि कोरड्या दगडावर पोचल्यावर आधी काठी त्यांच्या हातात दिलीत. ती टेकली, रबरी टोक दगडावर नीट बसलं, मग तुमचा हात सुटला. एका सेकंदासाठीही काकू आधाराविना नव्हत्या.

काठी आधी, हात नंतर. एवढंच. पण तेवढ्यामुळे त्या उचलून आणलेल्या नव्हत्या, चालत आलेल्या होत्या.

मग तुमचं बाकीचं वागणंही लक्षात येऊ लागलं. झादरला सागरी ऑर्गनच्या दगडी पायऱ्या आहेत, २००५ साली केलेल्या. लाट आत शिरली की पायऱ्यांखालच्या नळ्यांतली हवा घुमते. मोठी बोट पुढे निघून जाते, तिची लाट मात्र मागाहून किनाऱ्याला येते आणि नळ्या एकदम जोरात वाजू लागतात. लोक तिथे टाळ्या वाजवत होते. तुम्ही स्प्लिटला तीच उशिरा येणारी लाट ओळखून शिडीवर लोकांना अडवत होता. लाट उठवणारी फेरीबोट केव्हाच दिसेनाशी झालेली, तरी तुमचा हात आडवा. मग शिडीचं खालचं, चाकावरचं टोक धक्क्यावर हातभर सरकलं. त्या चाकाखाली कुणाचं पाऊल आलं नाही, कारण तुम्ही खाली पोचलेल्या प्रत्येकाला लगेच बाजूला व्हायला सांगत होता.

चांगुलपणा म्हटलं की गोड बोलणं आठवतं. तुम्ही फारसं बोललाच नाहीत. माणूस नीट पाहिलात, खरं काय ते वेळेवर सांगितलंत, आणि समोरच्याला त्याच्या चालीने चालू दिलंत. नम्रपणाचं प्रशिक्षण घेतलेली हसरी माणसं आम्ही त्या मोठ्या जहाजावर पुष्कळ पाहिली होती, म्हणून हा फरक फार जाणवला.

पिरेयसला धक्का सपाट होता, रुंद, कोरडा. शिडीला दोन्हीकडे कठडे. काकूंना कुणाचीच गरज नव्हती. तरी त्या खाली आल्या तेव्हा तुम्ही डाव्या बाजूला उभे होता, हात मागे बांधून.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या जहाजावरून आलेले आम्ही सगळे