आमच्या नाल्याच्या अलीकडचा पाऊस

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातला आपत्तीसज्ज गावांवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. आमच्याकडे पेपर दुपारच्या एस.टी.ने येतो. वाचायला संध्याकाळ झाली, राग यायला रात्र झाली, म्हणून हे पत्र एक दिवस उशिरा.

लेख वाईट आहे असे मी म्हणत नाही. उपग्रह, ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता, मोबाइलवर येणारे इशारे, सगळे नीट मांडले आहे. 'महावेध'च्या स्वयंचलित हवामान केंद्रांना तर वेगळी चौकट दिली आहे. राज्यभर दोन हजारांवर केंद्रे, महसूल मंडळागणिक, म्हणजे काही गावांच्या गटामागे, एक, माणसाचा हात न लागता पावसाची नोंद थेट वर. मी त्या चौकटीपाशीच अडकलो, कारण त्या दोन हजारांतल्या एका केंद्राशी माझा जुना परिचय आहे.

जुलै 2022. त्या महिन्यात पावसाने आमच्या जिल्ह्यात काय केले हे तुम्हीच आठ दिवस छापत होता, ते पुन्हा सांगत नाही. त्यातल्या एका रात्री आठला लागलेला पाऊस कोंबडा आरवेपर्यंत थांबला नाही. सकाळी वावरात टोंगळाभर पाणी. सोयाबीन डवरणीला आले होते, त्याचे नुसते शेंडे दिसत होते. नाल्याच्या अंगाची माती धुऱ्यासकट खरडून गेली आणि खालची चोपण उघडी पडली.

आमच्या आंगणात ढोरांना पाणी पाजायला अर्धा कापलेला लोखंडी ड्रम आहे. आदल्या संध्याकाळी मी तो घासून, उपडा करून, परत सरळ ठेवला होता, कोरडा ठणठणीत. सकाळी पाहिले तर त्यात पाणी. नातीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि तिलाच वाचायला लावले. "आबाजी, अकरा आणि वर दोन रेघा." म्हणजे 112 मिलिमीटर. उघड्यावर ठेवलेल्या सरळ भिंतीच्या भांड्यात जेवढे पाणी साचते तेवढा पाऊस, मग भांडे लहान असो की मोठे. हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे पोरांना शिकवले आहे.

तिसऱ्या दिवशी पटवारी आला. चांगला पोरगा आहे, त्याच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्याने मोबाइल काढून दाखवला. आमच्या मंडळात त्या रात्री पाऊस 61.5 मिलिमीटर. अतिवृष्टी धरायला चोवीस तासांत 65 लागतात. साडेतीन मिलिमीटर कमी पडले, तेव्हा अतिवृष्टी झालीच नाही. मी त्याला ड्रम दाखवला, पट्टी दाखवली, नात साक्षीला उभी केली. तो म्हणाला, "काकाजी, मशीन सांगते थेच लिहा लागते. तुमचा ड्रम पोर्टल घेत नाई."

आता खरी गंमत ऐका. आमच्या वावराच्या कडेने जो नाला जातो तीच दोन मंडळांची शीव आहे. पलीकडे माझ्या शाळासोबत्याचे वावर. नाला एकच, पूर एकच, त्याचेही सोयाबीन माझ्यासारखेच बुडालेले. पण त्याच्या मंडळाचे यंत्र 71 म्हणाले. त्या वर्षी सरकारने अतिवृष्टीची मदत म्हणून कोरडवाहूला हेक्टरी 13,600 रुपये जाहीर केले होते, ते त्याच्या खात्यात आले. तो बिचारा पेढे घेऊन आला आणि दारातच घुटमळत उभा राहिला. मी पेढे खाल्ले. राग त्याच्यावर नव्हताच.

पुढच्या आठवड्यात अकरा किलोमीटर सायकल मारत ते यंत्र पाहायला गेलो. मंडळाच्या गावी एका सरकारी आवारात आहे. तारेचे कुंपण, खांब, सोलरची पाटी, सगळे आहे. कुंपणावर लुगडी वाळत होती. वर कडुनिंबाची फांदी इतकी आलेली की अर्धे आभाळ तिनेच झाकलेले. या यंत्रात पाऊस मोजायला एक नाळके, म्हणजे नरसाळे, असते. त्यातून पाणी आतल्या चिमुकल्या डोलीवर पडते. एक पारडे भरले की डोली कलते, दुसरे पुढे येते, आणि जितक्या वेळा कलली तितका पाऊस धरतात. हुशारीचे काम आहे. पण नाळक्यात निंबाची चार पाने बसली की पाणी अडते आणि डोली आपली गपगार. मी गेलो तेव्हा पाने होती. त्या रात्री होती की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. नाही तर म्हणाल मास्तर खोटे बोलतो.

बरे, पाने नव्हती असेच धरा. तिथे खरोखरच 61.5 पडला असेल. बैलाचे एक शिंग ओले आणि दुसरे कोरडे असा पाऊस आपल्याकडे नवा आहे का? मग अकरा किलोमीटरवरच्या वीतभर तोंडाच्या भांड्याने माझ्या वावराची साक्ष कशी द्यायची? यंत्र त्याच्यापुरते खरे बोलते. पण पुष्कळ गावे मिळून एक, आणि त्याचे वाक्य ब्रह्मवाक्य. केंद्र सरकारच्या हवामान नोंदीच्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवायचे लिहिले आहे. तुमच्या लेखकाने त्यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर आम्ही कापून ठेवल्या असत्या.

पीकविम्याचे तर बोलूच नये. तेव्हा नियम असा, की नुकसान झाल्यापासून 72 तासांत अॅपवर फोटोसकट कळवावे. लाइन दोन दिवस गेलेली, टॉवर मुका. माझा मुलगा पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून फोटो पाठवत बसला होता. खाली त्याची आई हातपाय गाळून उभी. विमा राहू द्या, पोरगं पडलं असतं तर?

कोणी म्हणेल, म्हातारा यंत्राच्याच विरोधात आहे. मुळीच नाही. 30 जुलै 1991 ला मोवाडला वर्धा नदी गावात शिरली आणि दोनशेवर माणसे गेली. त्यानंतर नदीकाठच्या माणसाला पुराचा इशारा नको असे म्हणायची हिंमत कोण करेल? आमच्या सालदाराच्या पोराच्या फोनमध्ये पुण्याच्या संस्थेचे, वीज पडण्याचा इशारा देणारे 'दामिनी' अॅप आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने दोनदा निंदणाच्या बाया वावरातून घराकडे पिटाळल्या. दुसऱ्या वेळी धुऱ्यावरचे मोहाचे झाड फाटले. बाया आधी त्याला शिव्या देत गेल्या होत्या, मजुरी बुडाली म्हणून. आता तो आभाळाकडे नुसता पाहायला लागला तरी विळे खाली ठेवतात.

2023 मध्ये सरकारने सगळ्यांचे फोन एकदम किंचाळवून इशाऱ्याची चाचणी घेतली होती, आठवते? माझा बैल जुवासकट उधळला. त्या संदेशात लिहिले होते की ही चाचणी आहे, तुम्ही काहीही करायची गरज नाही. आमच्या तालुक्यात तो आदेश आजही काटेकोर पाळला जातो.

आणि लेखासोबतच्या त्या फोटोबद्दल. खाली छापले आहे, 'सोयाबीनच्या शेतावर ड्रोनने फवारणी'. महोदय, ती पऱ्हाटी आहे. बोंडेसुद्धा दिसताहेत. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोतले पीक नागपुरात बसलेल्या माणसाला ओळखता येत नाही, आणि पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह माझ्या वावरातले नुकसान बरोबर मोजेल याची हमी तुमचा लेख बिनदिक्कत देतो. मागेही तुम्ही तुरीला हरभरा छापले होते, तेव्हा मी पत्र घातले, ते काही छापून आले नाही.

तुमच्या वार्ताहराला एकदा इकडे पाठवा. आधी यंत्र दाखवतो, मग नाला, मग ड्रम. सकाळी दहाच्या आत यावे, नंतर कुंपणावर धुणे पडते. पट्टी मात्र सोबत आणावी. आमची नातीने होस्टेलला नेली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व कास्तकार
वणा नदीकाठ, जि. वर्धा
(नाव छापू नये. पटवारी अजून तोच आहे.)