एएमव्ही (अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनची दृश्यं कापून गाण्यावर बसवलेला व्हिडिओ) स्पर्धा : परीक्षक आणि प्रेक्षकांसाठी सूचना

मंडळी, रविवारी धरमपेठेतल्या हॉलवर स्क्रीनिंग आहे. परीक्षकांनी सगळे व्हिडिओ आधीच घरी हेडफोन लावून बघावेत आणि गुणपत्रक शनिवारी रात्रीपर्यंत मला पाठवावं. कट तालावर पडतोय का, ओठांची हालचाल शब्दांशी जुळते का, कोपऱ्यात मूळ दृश्यातलं सबटायटल राहिलंय का, हे कूलरच्या घरघरीत आणि शिट्ट्यांमध्ये कळतच नाही. विनोदी व्हिडिओला पब्लिक हॉल डोक्यावर घेते, हळव्या व्हिडिओला गप्प बसते. म्हणून तो पडला असं अजिबात नाही. मित्राचा व्हिडिओ असेल तर परीक्षकाने त्याला गुण देऊ नयेत. प्रेक्षकपसंतीचं बक्षीस वेगळं आहे, तिथे मनसोक्त ओरडा. फक्त व्हिडिओ चालू असताना 'बंद करा' नको, प्लीज. बनवणारा तिथेच बसलेला असतो.