नोराचे श्रेय नोराला, हॅरिसचे हॅरिसला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकन गायिका आणि पियानोवादक नोरा जोन्सवरचा लेख वाचला. लेख आपुलकीने लिहिलेला आहे, पण शीर्षकात 'पंडित रविशंकर यांची कन्या', पहिल्या परिच्छेदात सतार आणि शेवटी 'सूर रक्तातच होते' असे म्हणून तो संपतो. तिने स्वतः काय लिहिले आणि काय वाजवले, यासाठी जेमतेम दोन ओळी उरल्या आहेत. त्यातही 'पहिल्याच अल्बममधल्या स्वतःच्या गाण्यांसाठी आठ ग्रॅमी' हे विधान चुकीचे आहे.

'कम अवे विथ मी' हा अल्बम फेब्रुवारी २००२ मध्ये आला. त्यात १४ गाणी आहेत. त्यांपैकी नोराने एकटीने लिहिलेली दोनच, शीर्षकगीत आणि 'नाइटिंगेल'. 'द लाँग डे इज ओव्हर' हे तिने गीतलेखक जेसी हॅरिससोबत लिहिले. हॅरिसची स्वतंत्र गाणी चार, आणि सगळीकडे वाजलेले 'डोन्ट नो व्हाय' हे त्यातलेच. बेस वाजवणाऱ्या ली अलेक्झांडरने तीन एकट्याने लिहिली, एक जे. सी. हॉपकिन्ससोबत. उरलेली तीन जुनी: हँक विल्यम्सचे 'कोल्ड, कोल्ड हार्ट', जॉन डी. लाउडरमिल्कचे 'टर्न मी ऑन' आणि होगी कारमायकेल व नेड वॉशिंग्टन यांचे 'द निअरनेस ऑफ यू'.

२३ फेब्रुवारी २००३ च्या रात्री या अल्बमच्या वाट्याला आठ ग्रॅमी आले, त्यांपैकी नोराचे पाच. 'साँग ऑफ द इयर' हा पुरस्कार गाणाऱ्याला मिळत नाही, लिहिणाऱ्याला मिळतो. तो जेसी हॅरिसला मिळाला. 'रेकॉर्ड ऑफ द इयर' ध्वनिमुद्रणाचा असतो, तो नोराकडे आला. आरिफ मार्दिन यांना निर्मात्याचा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञांना त्यांचा वेगळा. 'साँग' आणि 'रेकॉर्ड' हे दोन पुरस्कार आपल्याकडच्या बातम्यांत सर्रास एकच समजले जातात.

हा फरक नुसता मानाचा नाही, पैशाचाही आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले की मोबदला गीतलेखक आणि प्रकाशकाला जातो, गाणाऱ्याला नाही. म्हणजे 'डोन्ट नो व्हाय' रेडिओवर वाजले की त्या खात्यातून नोराला काही मिळत नव्हते. सीडीच्या विक्रीवर तेव्हाचा कायद्याने ठरलेला लेखनहक्काचा दर साधारण लांबीच्या गाण्याला प्रतीमागे ८ सेंट होता, तोही लिहिणाऱ्याचा. गायिकेला लेखिका व्हावेसे वाटण्यामागे हे व्यवहारी कारणही असते. वडिलांचे नाव यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता वारशाबद्दल. नोरा आईकडे, टेक्ससमधील ग्रेपव्हाइनमध्ये वाढली. मधली कित्येक वर्षे वडिलांशी तिचा संपर्क नव्हता. गीताली नोरा जोन्स शंकर हे नाव तिने सोळाव्या वर्षी रीतसर बदलून नोरा जोन्स केले. शिक्षण डॅलसच्या कलाशाळेत, नंतर नॉर्थ टेक्सस विद्यापीठात जॅझ पियानोचे. १९९९ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. पंडितजींसमोर बसून तालीम घेतली ती तिची सावत्र बहीण, सतारवादक अनुष्का हिने. तिच्या बाबतीत वडिलांचा उल्लेख शिक्षणाचाच भाग आहे, तो शीर्षकातही शोभतो. नोराच्या बाबतीत तो फक्त जन्माचा तपशील आहे.

'रागदारी ऐकू येते' हे लेखातले वाक्य तर कानाने तपासता येण्यासारखे आहे. 'डोन्ट नो व्हाय'ची सुरुवात घ्या. पहिला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बी फ्लॅट मेजर सेव्हन, मग बी फ्लॅट सेव्हन, मग ई फ्लॅट मेजर सेव्हन. आतला एक सूर ए, ए फ्लॅट, जी असा अर्ध्या-अर्ध्या पायरीने खाली उतरतो. गाण्यातली हुरहुर त्या आतल्या उतरणीत आहे. षड्ज तानपुऱ्यात स्थिर ठेवून त्याच्याभोवती राग मांडण्याची आपली पद्धत याच्या अगदी उलट. हे शिक्षण जॅझ पियानोच्या वर्गातले आहे. शीर्षकगीत सहा मात्रांच्या संथ झोक्यात जाते, ऐकताना आपल्याला दादरा आठवतो, पण तेवढ्यावरून घराणे जोडायचे कारण नाही. त्यात ऐकण्यासारखी गोष्ट म्हणजे पियानो किती कमी वाजतो: ओळ संपली की दोन-चार सूर, पुढची ओळ आली की हात मागे. गाताना स्वतःच साथ करणाऱ्यांनी हा संयम जरूर ऐकावा. बहुतेकांचे इथेच चुकते, गळा आणि उजवा हात एकाच सुरावलीवर धावतात आणि शब्द बुडतात.

हा साधेपणा आयता मिळालेला नव्हता. ब्लू नोट या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी आधी चाचणीदाखल गाणी मुद्रित झाली होती. मग अल्बम करायला निर्माता क्रेग स्ट्रीट यांच्यासोबत वेगळ्या स्टुडिओत काम झाले. तिथे गिटारचे आणि ध्वनीचे थर वाढले, पियानो मागे पडला. कंपनीचे प्रमुख ब्रूस लुंडवाल यांनी ते तसेच बाजारात आणले नाही, मार्दिन यांना बोलावले आणि चाचणीच्या वेळचा मोकळेपणा परत आणला. 'डोन्ट नो व्हाय' तर मुळात चाचणीच्या वेळचेच मुद्रण आहे. स्ट्रीट यांच्याकडची काही गाणीही अल्बममध्ये राहिली. तयार झालेले काम बाजूला ठेवण्याचा हा निर्णय मला नोराच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

गीतलेखिका म्हणून तिची वाढ त्यानंतरची. २००४ च्या 'फील्स लाइक होम'मध्ये तिचा लेखनातला वाटा वाढला. 'सनराइज' तिने अलेक्झांडरसोबत लिहिले. २००७ च्या 'नॉट टू लेट'मध्ये प्रत्येक गाण्यावर लेखिका किंवा सहलेखिका म्हणून तिचे नाव आहे. खरे तर लेखाचा मधला भाग इथे हवा होता. २००९ च्या 'द फॉल'मध्ये पियानोची जागा बरीचशी गिटारने घेतली. पियानोवर तयार हातांना सवयीचे कॉर्ड आपोआप सापडतात. नवख्या वाद्यावर मोजकेच येतात आणि चाल वेगळी वाट धरते, असे माझे मत आहे. २०१२ चा 'लिटल ब्रोकन हार्ट्स' तिने डेंजर माउस या निर्मात्यासोबत स्टुडिओत बसून लिहिला, २०१६ च्या 'डे ब्रेक्स'मध्ये ती पियानोकडे परतली. २०२४ च्या 'व्हिजन्स'ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले.

वडिलांशी संबंध पुढे जुळला, हे लिहायला हवेच. डिसेंबर २०१२ मध्ये पंडितजी गेले; दुसऱ्या वर्षी अनुष्काच्या 'ट्रेसेस ऑफ यू'मध्ये नोराने तीन गाणी गायली. संगीतातला तो दुवा खरा आणि ऐकता येण्याजोगा आहे. लेखात नेमका तोच राहून गेला.

आकाशवाणीवर मराठी भावगीत लागण्यापूर्वी कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगायची पद्धत आपल्या कानांवर वर्षानुवर्षे आहे. परदेशी गाण्यांबद्दल छापतानाही चौकटीत एवढेच द्यावे: शब्द व चाल कुणाची, स्वर कुणाचा, वाद्ये कुणाची, निर्माता कोण, वर्ष कोणते. अल्बमच्या पुस्तिकेत हे सगळे असते, पण ऑनलाइन ऐकताना 'क्रेडिट्स' उघडून पाहावे लागते आणि तिथली नोंद कधी अपुरी असते, म्हणून पुस्तिकेशी ताडून घ्यावी.

तूर्त पुढच्या रविवारी निदान 'आठ ग्रॅमी'ची दुरुस्ती छापावी आणि 'डोन्ट नो व्हाय'पुढे जेसी हॅरिसचे नाव द्यावे, ही विनंती.

आपला,
एक पियानोशिक्षक, पुणे