दुसरी पाटली

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा बाबांनी फोन आपटला तेव्हा मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं. पोलिसांनी शेवटी त्या बुवाविरुद्धची तुझी तक्रार नोंदवून घेतली हे ऐकून मला इतका आनंद झाला, आणि तोंडातून निघालं काय, तर "सकाळी एकटी फिरायला जात नाहीस ना?" म्हणून हे पत्र. फोनवर माझी गाडी तिथेच अडकते.

जादूटोणाविरोधी कायदा तू वाचलायस, तरी सांगते. त्यातला दक्षता अधिकारी, म्हणजे असे गुन्हे बघणारा पोलीस अधिकारी, निरीक्षकाच्या दर्जाखालचा नसतो, तेव्हा कुणी हवालदार "मिटवून टाका ताई" म्हणाला म्हणून उठून यायचं नाही. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रत्येक कागदाची पोच घे, तारीख-शिक्का बघून. आणि त्या बुवाकडे जाणाऱ्या बायकांना हसू नकोस. (झालं माझं प्रवचन सुरू. माफ कर.)

आजीच्या एकाच हातात पाटली का, असं तू लहानपणी विचारायचीस. दुसरी सोनाराकडे दिलीय, हे तिचं तीस वर्षांचं उत्तर. मी नऊ वर्षांची होते. दादामामा तापाने फणफणलेला. घरी एक बुवा आला, त्याने नारळावर पाणी शिंपडलं आणि शेंडीने पेट घेतला. करणी आहे म्हणाला. पाटली निघेना, तेव्हा आजीने मोरीत बसून हाताला साबण चोळला. सोललेलं ते मनगट मला अजून दिसतं.

पुढे मी कॉलेजात असताना, १९९० च्या सुमारास, चमत्कारांमागची हातचलाखी दाखवायला कार्यकर्ते आले. एका चष्मेवाल्या सरांनी नारळ माझ्यापुढे ठेवला. "तुम्हीच शिंपडा पाणी." मी शिंपडलं. भक्कन पेटला. मग त्यांनी दुसऱ्या नारळाची शेंडी उलगडून, चिमट्यात धरून सोडियमचा तुकडा दाखवला. हरभऱ्याएवढा. रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, पाणी लागलं की पेटतो. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू फुटलं. माझ्या पुरोगामीपणाची सुरुवात ही अशी, वाचनबिचन सगळं नंतरचं.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, "मला तेव्हाच शंका आली होती गं. पण दादाला ताप होता."

आदल्याच वर्षी मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं होतं. आप्पांनी सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारला, असं मी घरी सांगितलं आणि मारला होता भलतीकडेच. माझं बंड एवढंच, तेही खोटं बोलून. तू पोलीस ठाण्यात चार तास बसून राहिलीस. हेवा वाटतो गं तुझा.

२० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकर सकाळी फिरायलाच निघाले होते. टीव्हीवर तो पूल पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि तू, आठवीतली, विचारत होतीस, "पण त्यांनी केलं काय होतं?" मला धड उत्तर देता आलं नाही. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला. खटल्याचा निकाल लागायला मात्र २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. आले बघ मी पुन्हा तिथेच.

तक्रार मागे घे, असं मी म्हणत नाहीये. पण रात्री जाग आली की वाटतं, काय हवं ते देऊन टाकावं, पोरीला काही होऊ नये. सोन्यासारखी पाटली आजीने कशी काढून दिली, याचा मी इतकी वर्षं राग धरला होता.

फिरायला जायचंच असेल तर रोजची वेळ एक ठेवू नकोस. रस्ताही बदलत जा. आणि खोलीवर परत आलीस की नुसतं "आले" एवढं टाक.

तुझी,
आई

ता. क. पत्र बाबांनी वाचलं. "सकाळी तिच्यासोबत कोण असतं ते विचार," म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. रविवारी फोन करतील. तू आपटू नकोस.